विकलेल्या होडीचा वाटा

मला बसवत नाही. हा माझा जुना रोग. मी मालवणच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. दुपारी वॉर्ड शांत झाला की बाकीच्या सिस्टर खुर्चीला पाठ टेकायच्या आणि मी कपाटातल्या बाटल्या काढून पुसत बसायची. घरी नवरा म्हणायचा, "तुझ्या पायाक भिंगरी आसा गो." तो स्वतः असा की होडीवर नसला तर दारातल्या बाकावर तासभर न हलता बसू शके. असा माणूस समोर बसलेला असला की मला आणखीच चालावंसं वाटे.

अशा बाईला २००८ सालच्या एप्रिलमध्ये घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. माणूस वाईट नव्हता. ओट्यावर बसून चहा प्यायला, मुलीचा अभ्यास विचारला आणि मग म्हणाला की गणपतीनंतर या खोल्या तो पर्यटकांना देणार आहे. तेव्हा मालवणात ज्याच्या त्याच्या घरावर निवास-न्याहारीची पाटी चढत होती. पुण्या-मुंबईची माणसं यायची, किल्ला बघायची, सुरमई खायची आणि दोन रात्रींचे जितके पैसे मोजायची तितकं आमचं महिन्याचं भाडं होतं. मालकाचं काय चुकलं म्हणा. पण तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मी मनात आमचं सगळं सामान बांधून टाकलं होतं.

दुसरी खोली बघायची म्हटलं तर तिचाही मालक उद्या पाटीच लावणार. त्यामुळे मी ठरवलं की आता स्वतःचं घर. सासऱ्यांनी वाटणीत दिलेली चार गुंठे जागा माडांच्या मागे नुसती पडून होती. सातबारा नवऱ्याच्या नावावर आणि पगार माझ्या नावावर, म्हणजे बँक कर्ज देणार ते दोघांना मिळूनच. आठवड्याभरात मी मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या बँकेतून फॉर्म आणला. नवरा फॉर्मकडे बघून म्हणाला, "बघ, जमता काय." मला वाटलं, हे त्याचं नेहमीचंच.

त्याला कर्ज या शब्दाची धास्ती होती, आणि तिला कारण होतं. १९९८ साली, आमच्या लग्नाच्या वर्षी, त्याने गावातल्या सहकारी बँकेतून तीन लाख काढून इंजिनाची होडी घेतली. पहिले दोन हंगाम बरे गेले. मग इंजिनाने त्रास द्यायला सुरुवात केली. दुरुस्तीला महिना गेला की मासळी निघून जाई आणि मासळी आली की इंजिन बंद पडे. हप्ते थकले. नोटिसा आल्या. वसुलीचा माणूस यायचा तो थेट दवाखान्यात, कारण मी तिथे नक्की सापडायची. पेशंटच्या हाताला सलाईन लावताना मागून तो नमस्कार म्हणायचा आणि मला शीर पुन्हा शोधावी लागायची. मी आयुष्यात कधी कुणाला इतके शिव्याशाप दिले नाहीत जितके त्या नमस्काराला दिले.

२००३ साली बँकेने अडकलेल्या कर्जांसाठी तडजोडीची योजना आणली. ठरलेली रक्कम एकदम भरा, बाकी सोडून देतो. नवऱ्याने होडी देवगडच्या एका माणसाला विकली, माझ्या पाटल्या गेल्या आणि ठरलेली रक्कम भरली. व्याज सगळं माफ झालं. मुद्दलातलेही ऐंशी हजार बँकेने सोडले. मी दुसऱ्या दिवशी वॉर्डात पेढे वाटले. कर्ज पुरतं न फेडता पेढे वाटणारी जिल्ह्यात मी एकटीच असेन, पण तो नमस्कार बंद झाला याचा मला इतका आनंद झाला होता. घरी नवऱ्याने पेढा हातात घेतला आणि मुलीला दिला.

त्यानंतर तो दुसऱ्याच्या होडीवर तांडेल म्हणून जाऊ लागला. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, खलाशांचा पुढारी. होडीवर पगार नसतो, वाटे असतात. मासळी विकली, डिझेल आणि बर्फाचे पैसे काढले की उरतील त्याचे वाटे घालायचे. पहिला वाटा होडीचा, मग जाळ्यांचा, मग माणसांचे. होडी जुनी असो की गळकी, मालक किनाऱ्यावर झोपा काढत असो, तिचा वाटा काढल्याशिवाय कुणी पैशाला हात लावत नाही. बरीचशी उचल आधीच झालेली असते आणि उरलेला मोठा हिशेब मे महिन्याच्या शेवटी, पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या की होतो. तो झाला की नवरा रुमालात बांधलेले पैसे आणून माझ्या हातात ठेवी. मी मोजून कपाटात टाकी आणि दर वर्षी हटकून म्हणे, इतकेच?

मोठ्या बँकेतला साहेब घाटावरचा होता, तरुण, नीटनेटका. त्याने माझी पगाराची स्लिप बघून मान हलवली, सातबारा बघून मान हलवली आणि जुन्या कर्जाच्या रकान्यात मी लिहिलेल्या ओळीवर येऊन थांबला. मी लिहिलं होतं, होडीचे कर्ज होते, तडजोडीने मिटले.

"मॅडम, तडजोड म्हणजे पूर्ण फेड नव्हे," तो म्हणाला.

"पाच वर्षं झाली त्याला."

"म्हणूनच विचार करता येईल. मिस्टर एकटे असते तर मी फॉर्म घेतलाच नसता. तुमची नोकरी सरकारी आहे. त्या बँकेचा बेबाकी दाखला आणा, की यांच्याकडे आता काही येणं नाही. मग बघू."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो हे मला मान्य आहे, पण इथे तोंड पोळलं होतं दुसऱ्याच बँकेचं आणि फुंकर ही मारत होती. शेजारी नवरा हात मांडीवर ठेवून बसला होता आणि साहेबाने त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. सगळं मला विचारलं जात होतं, जणू तो माझ्याबरोबर आलेला पेशंट होता.

एक दाखला आणायचा, त्यात काय, असं म्हणत मी दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला घेऊन सहकारी बँकेत गेले. क्लार्कने संगणकावर खातं शोधलं आणि म्हणाला, "दाखला कसा मिळेल? खातं चालू आहे की."

"ते २००३ साली बंद झालंय," मी म्हटलं.

"नाही हो. हे बघा, गेल्या जूनमध्ये भरणा आहे. त्याच्या आदल्या जूनमध्ये आहे. त्याच्याही आधी आहे. पाच वर्षं, दर जूनला."

मी काउंटरवरून वाकून बघितलं. पाच भरणे. कुठे अकरा हजार, कुठे बारा, एका वर्षी तेरा. आणि खाली येणे बाकी म्हणून एक आकडा होता, व्याजासकट दोन लाखांच्या वरचा. मी नवऱ्याकडे वळले. तो काउंटरच्या काचेखाली लावलेल्या सुट्ट्यांच्या यादीकडे बघत होता.

मॅनेजरने आम्हाला आत बसवलं. झालं होतं ते असं. तडजोड झाल्यावर खातं बंद व्हायला हवं होतं, पण त्याच जूनमध्ये नवऱ्याने येऊन त्यात पैसे भरले. पैसे देतोय त्याला कोण नाही म्हणेल? क्लार्कने घेतले. खातं उघडं राहिलं, माफ झालेल्या व्याजासकट. पुढे वह्या जाऊन संगणक आला, उघडी खाती त्यात चढली आणि यंत्राने आपल्या मनाने त्यावर व्याज लावायला सुरुवात केली.

"चूक आमचीही आहे," मॅनेजर म्हणाला. "पण तुम्ही दर वर्षी भरत राहिलात. याचा अर्थ देणं शिल्लक आहे हे तुम्हीच मान्य केलंत. आता मी शिल्लक नाही असं कसं लिहून देऊ?"

बाहेर आलो. भर दुपार होती, रस्त्यावर माणूस नव्हतं. मी दहा पावलं पुढे गेले, परत मागे आले.

"अवो, ह्ये पैसे कसले?"

"होडीचो वाटो," तो म्हणाला.

"खंयची होडी? होडी देवगडाक गेली, पाच वर्सा झाली!"

"होडी गेली. तिचे पैसे रवले मा?"

"ते बँकेन सोडल्यान!"

"बँकेन सोडल्यान. मी खंय सोडलंय?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तो पुढे असंही म्हणाला की बँकेचे पैसे म्हणजे काही साहेबांचे पैसे नव्हेत. बाजारात मासळी विकणाऱ्या बायका रोज दहा-वीस रुपये त्या बँकेत टाकतात, त्यातलेच ते ऐंशी हजार. त्याच बायका रोज सकाळी किनाऱ्यावर त्याच्याकडून मासळी घेतात, त्यांच्या तोंडाकडे बघावं लागतं. तो एका दमात इतकं कधी बोलत नसे. आणि मी काय ऐकलं? मी फक्त ऐकलं की या माणसाने माझ्या हातात रुमाल ठेवण्याआधी पाच वर्षं त्यातून वाटा काढला आणि मला सांगितलं नाही. मला त्याचा राग आला होता, आणि घर हातचं जातंय याची भीती त्या रागाहून मोठी होती.

मॅनेजरने मार्ग काढून दिला, कारण बँकेलाही ते खातं घशातलं हाड झालं होतं. नवऱ्याने एक अर्ज द्यायचा. तडजोडीनंतरच्या रकमा मी गैरसमजुतीने भरल्या, बँकेचे माझ्याकडे काही येणे नाही आणि माझेही बँकेकडे काही मागणे नाही. सोबत स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र. ते आलं की बँक खातं कायमचं बंद करणार आणि बेबाकी दाखला देणार.

"चुकान?" नवरा घरी आल्यावर म्हणाला. "मी चुकान भरलंय?"

"कागदापुरता हो."

"कागदार आणि दुसरा काय आसता?"

आणि तो सही करीना. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसता बाकावर बसून राही. मी त्याच्यासमोरून दिवसाला पन्नास वेळा जात-येत असेन. तोंडावर अहो-जाहो आणि मनात अरे-तुरे, अशी आमच्या पिढीच्या बायकांची रीत. त्या तीन आठवड्यांत माझं मनातलं सगळं अरे-तुरे संपलं. घरमालकाने गणपतीची वाट न बघता मागच्या पडवीत पर्यटकांसाठी न्हाणीघर बांधायला घेतलं. सकाळी सातला गवंडी ठोकायला लागे. मुलगी अभ्यासाची वही घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाई. मी ड्युटीवरून सुटले की घरी न येता त्या चार गुंठ्यांवर जाऊन पावलं मोजून स्वयंपाकघर आखी. पुन्हा मोजलं की दर वेळी ते वेगळंच निघे, कारण माझी पावलंच एकसारखी पडत नव्हती.

घरात मी त्याला सांगून बघितलं, रडून बघितलं, अबोला धरून बघितला. अबोल्याचा त्याच्यावर परिणाम शून्य, तो मुळातच अबोल. शेवटी एका सकाळी गवंड्याची ठोकाठोक चालू असताना माझ्या तोंडून गेलं.

"तुमच्या खरेपणार कौलां घालूची काय मी?"

बोलले आणि तेव्हाच कळलं की हे बोलायचं नव्हतं. त्याने पेजेची वाटी खाली ठेवली. हात धुतले. बाहेर गेला, जाळ्यांच्या खोपीकडे असेल. दुपारी परत आला आणि दारातूनच म्हणाला, "काय लिवचा ता लिव. सय करतंय."

माझं कार्यालयीन मराठी चांगलं. दवाखान्यात सगळ्यांचे रजेचे अर्ज मीच लिहून द्यायची. मी त्याच बाकावर बसून एका बैठकीत अर्ज लिहिला. उपरोक्त विषयास अनुसरून, नम्र विनंती, गैरसमजुतीने भरणा केलेल्या रकमा, कोणतेही येणे शिल्लक नाही. एकही खाडाखोड नाही. तो बोट फिरवत सावकाश वाचत गेला आणि गैरसमजुतीने या शब्दावर थांबला.

"ह्या काढ."

"ता काढूक येणा नाय. त्येच्यासाठीच तर अर्ज."

त्याने सही केली. तो सही करताना नावाच्या खाली नेहमी एक रेघ ओढायचा, तेव्हा ओढली नाही. मला ते दिसलं, पण शाई वाळते न वाळते तोच मी कागद पिशवीत घातला होता, कारण बँक साडेतीनला बंद होत असे.

दाखला आठ दिवसांत मिळाला. मोठ्या बँकेच्या साहेबाने तो दोनदा वाचला, वरिष्ठांकडे ओरोसला पाठवला, तिथून आणखी दोन कागद मागवले, ते मी त्याच दिवशी नेऊन दिले. दिवाळीच्या आधी कर्ज मंजूर झालं. सह्या करायला दोघांना बोलावलं. पंचवीस-तीस पानं, प्रत्येक पानावर दोघांची सही, आधी माझी मग त्याची. साहेब त्याच्याशी पहिल्यांदाच हसून बोलला, "आता तुम्ही एकदम क्लीन झालात." नवऱ्याने मान हलवली. मी खूश होते, हे खोटं कशाला सांगू? घरमालकाकडे हात जोडून मी मेपर्यंतची मुदत मागून घेतली आणि दिवाळीनंतर पाया खोदायला घेतला.

घर भराभर उठलं. मी ड्युटीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तिथे. चिऱ्यांची गाडी मोजून घेणं, गवंड्याशी हुज्जत घालणं, पाण्याच्या टाकीवरून प्लंबरला परत पाठवणं, यात माझ्या पायांना पहिल्यांदा पुरेसं काम मिळालं. नवरा समुद्रावरून आला की संध्याकाळी चिऱ्यांवर पाणी मारी. आमच्यात सगळं ठीक होतं. निदान मला विचारायला वेळ नव्हता. एप्रिलात माझ्या पगाराच्या फरकाची रक्कम आली आणि मी साध्या शहाबादी फरशीचा बेत रद्द करून बाहेरच्या दोन खोल्यांना चकचकीत लाद्या घालायचं ठरवलं. कुडाळला जाऊन त्या मीच पसंत केल्या.

मे संपता संपता, होड्या वर ओढल्याच्या आठवड्यात, मी वॉर्डात ड्रेसिंग करत होते. विहिरीवर पडून गुडघा फोडून घेतलेल्या एका म्हातारीची पट्टी बदलत होते. वर बघितलं तर नवरा दारात उभा. तो दवाखान्यात कधी येत नसे. मला वाटलं मुलीला काही झालं. हातातली पट्टी तशीच टाकून मी बाहेर गेले.

त्याच्या हातात तो रुमाल होता, गाठ मारलेला.

"तेनी घेवक नाय," तो म्हणाला. "खाता बंद झाला म्हणतत. भरू खंयच्यात, इचारतत."

तो सहकारी बँकेतून आला होता. गेल्या जूनचा भरणा अर्जाच्या भानगडीत राहून गेला होता; या वर्षी हिशेब झाला, वाटा काढला आणि पाच वर्षांच्या सवयीने तिथे गेला. क्लार्कने त्याला त्याचाच अर्ज काढून दाखवला होता, माझ्या अक्षरातला. आता एक रुपयाही आम्ही घेऊ शकत नाही म्हणाला. नवऱ्याने ठेव म्हणून भरू का विचारलं. मग ते तुमचेच पैसे राहतील ना काका, असं उत्तर मिळालं. हे तो मला भिंतीकडे बघत सांगत होता. एरवी मी मधेच तोडलं असतं. त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं.

"किती रवलेले?" मी विचारलं. तो संगणकावरचा दोन लाखांचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता.

"बावीस हजार."

"बावीस?"

"ऐंशी सोडलेले. अठ्ठावन भरलंय. व्याज मी धरूक नाय, व्याज तेनी आपणहून सोडल्यानी. ह्या वर्सा आणि फुडल्या वर्सा, झाला असता."

बावीस हजार. माझा दोन महिन्यांचा पगार. भविष्यनिर्वाह निधीतून अर्ज केला असता तर पंधरा दिवसांत मिळाले असते. ते भरून, पावती घेऊन, ताठ मानेने दाखला मागता आला असता आणि त्या अर्जात तो एक शब्द लिहावा लागला नसता. मी तीन आठवडे भांडले, रडले, जागेवर पावलं मोजली, आणि हा एवढा प्रश्न मला पडला नव्हता. दोनच दिवसांपूर्वी मी लाद्यांचे चौतीस हजार रोख मोजून दिले होते.

"माका कित्या सांगूक नाय तुमी?"

"तू इचारलंस खंय?"

रागाने म्हणाला असता तर मी उलट काहीतरी बोलले असते. तो रागाने म्हणाला नाही. आतून म्हातारी सिस्टर, सिस्टर म्हणून हाका मारत होती. त्याने रुमाल माझ्या हातात ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली.

"तुझ्या हप्त्यात घाल," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

मी म्हातारीची पट्टी पुरी केली. मग वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले, ड्युटी संपून दुसरी सिस्टर आली तरी बसूनच होते. कर्जाच्या प्रत्येक पानावर आम्हा दोघांच्या सह्या होत्या आणि तो तुझ्या हप्त्यात म्हणाला होता.